साडेतीन फूट चॉकलेटी

१ मार्च १९७३, गुरुवार

काल निवृत्त झालो. साहेबांनी निरोपाला नारळ, शाल आणि ही डायरी दिली. डायरी गेल्या सालची आहे, त्यामुळे आजच्या पानावर बुधवार छापलेला आहे. तो खोडून गुरुवार केला. पस्तीस वर्षं तालुका कचेरीच्या दारात बसलेल्या शिपायाला जुनं साल चालेल असं साहेबांना वाटलं असावं. चालतं. कागद बरा आहे.

पट्टा आणि बिल्ला जमा करून काष्टीला घरी आलो. पारनेर, जामखेड आणि शेवटची अकरा वर्षं श्रीगोंदा अशी नोकरी झाली. घरी यायचो ते शनिवारी, बाजाराच्या दिवशी, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचो. आता रोजच रविवार. सकाळपासून चार वेळा ओट्यावर जाऊन बसलो आणि चार वेळा उठलो. बसायचं कशासाठी ते समजेना.

३ मार्च, शनिवार

निरोपाचा काळा कोट घालून बाजारात गेलो. मागून लोक हसत होते. शेवटी गनीभाई बांगडीवाल्याने हाक मारून विचारलं, "मामा, पाठीवर भित घिऊन कुठं निघाला?" कोट काढून बघितला तर चुना! आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या. टेकलं की निम्मी भिंत अंगावर येते.

कचेरीत पस्तीस वर्षं भिंतीला टेकलो, पण कपड्याला कधी डाग नाही. कारण तिथे खालून साडेतीन फूट चॉकलेटी ऑइलपेंट असतो. वर पिवळसर रंग आणि मधे बोटभर काळी पट्टी. ज्याने कोणी ही पद्धत काढली त्याला बसणाऱ्या माणसाची कदर होती. घरी तोच रंग द्यायचं मी उभ्या उभ्या ठरवलं.

संध्याकाळी आमची मंडळी राहीबाई पाण्याच्या घागरी उतरवून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आता तुमी घरीच हायसा, तर मी म्हनत हुते—" मी तिला रंगाचं सांगितलं. ती "रंग?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिचं काय म्हणणं होतं ते राहूनच गेलं. महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगेल.

८ मार्च, गुरुवार

आज मुद्दाम श्रीगोंद्याला जाऊन कचेरीची भिंत सुतळीने मोजली. माझ्या जागी आलेला नवा शिपाई संशयाने बघत होता. "काय मोजताय?" म्हणाला. मी त्याला भिंतीवरचा तेलकट गोल दाखवला. दाराशेजारी, स्टुलाच्या वर, बरोबर डोक्याच्या उंचीला. "हे माझं डोकं," मी म्हणालो. "पुसू नकोस." त्याने मान हलवली, पण पुसणार असं दिसतं.

१० मार्च, शनिवार

कमरुद्दीन पेंटर आला. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या याच्याच हातच्या, आणि गेल्या वर्षी कचेरीचं कामही यानेच केलं होतं. तरी मला समजावत बसला.

"मामा, घराला कोन असला रंग देतं? आसमानी बघा. पिस्ता बघा. घर कसं हसतं दिसाया पायजे."

"मला हसरं घर नको," मी म्हणालो. "टेकायला पाहिजे."

त्याने लाल रंगात काळा घालून नमुने केले. पहिला गुळासारखा आला, दुसरा मिसरीसारखा. राहीबाई आतून म्हणाली, "माझी मिसरी बी घाला त्येच्यात, म्हंजी सुटंल सगळंच." कमरुद्दीन हसला. मी हसलो नाही, कारण मी रंगाकडे बघत होतो. तिसरा नमुना बरोबर जुळला.

१४ मार्च, बुधवार

रंग पूर्ण झाला. ओटा, बाहेरची भिंत, आतली खोली, सगळीकडे साडेतीन फूट. वासाने दोन दिवस डोकं उठलं आहे, पण पाठ सुखात आहे. फक्त चुलीपाशी रंग लागू शकला नाही. राहीबाई तिथल्या चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिली आणि कमरुद्दीनला म्हणाली, "हितनं म्होरं माझं राज्य. बरूश आत आला तर चुलीत घालीन." कमरुद्दीन तिला वहिनी म्हणतो आणि भितो.

आतल्या खोलीत विजेचा एकच बल्ब आहे. संध्याकाळी तो लावल्यावर राहीबाई म्हणाली, "दिवा लावला का न्हाई हे बघाया दुसरा दिवा लावावा लागंल." पहिल्या पहिल्यांदा असं होतं. सवय होईल.

रात्रीच्या जेवणाला तिने पुन्हा काहीतरी विषय काढला. जामखेडचं नाव घेतल्यासारखं वाटलं. मी काळी पट्टी सरळ आली आहे का ते बघत होतो. दाराजवळ अर्धा बोट वाकडी आहे.

१७ मार्च, शनिवार

आज एक विचित्र गोष्ट घडली आणि दोष माझा आहे हे आधीच लिहून ठेवतो.

बाजाराचा दिवस. मी कोट घालून ओट्यावर स्टूल टाकून भिंतीला टेकलो होतो. तीन बाप्ये आणि एक बाई रस्त्याने आली, भिंतीकडे बघितलं, पायताणं खाली काढली आणि माझ्या शेजारी ओळीने उकिडवी बसली. थोड्या वेळाने त्यांतला म्हातारा, बन्सी त्याचं नाव, हात जोडून म्हणाला, "सायेब आलं का?"

मी म्हणायला हवं होतं की बाबा, हे घर आहे. शब्द अगदी ओठांवर होते. पण पस्तीस वर्षांची जीभ. तोंडातून निघालं, "बसा."

ती बसली. छान बसली. मग मलाच लाज वाटली आणि मी विचारलं, काम काय आहे? दुष्काळी कामावर नाव घालायचा अर्ज द्यायचा होता. अर्ज कसा लिहायचा हे मला माझ्या नावापेक्षा नीट माहीत आहे. चौघांचे लिहून दिले आणि सोमवारी कचेरीत स्वतः नेऊन देईन म्हणालो. बन्सी पाया पडला. माझ्या पाया आजवर कोणी पडलेलं नाही. राहीबाईने सगळ्यांना पाणी दिलं.

२४ मार्च, शनिवार

आज अकरा जण. मी काष्टीत कचेरी उघडली आहे अशी बोलवा झाली आहे. मी उघडली नाही, फक्त बंद केली नाही. कोणाकडून काही घेत नाही, उलट बाजारातून एक लांब बाकडं आणलं. लोक भिंतीला टेकून बसतात आणि पाठ कोरी ठेवून उठतात. रंगाचा गुण दिसू लागला आहे.

३१ मार्च, शनिवार

चौदा जण. दारात उभं राहून एकेकाचा पुकारा केला. आवाज अजून चांगला आहे. गोजरबाई नावाच्या म्हातारीला ऐकू येत नाही, तिचा पुकारा तीनदा करावा लागला. तिने अर्जाचं मला सांगायच्या आधी आत जाऊन राहीबाईपाशी तासभर काढला. बाहेर आली तेव्हा तिचं काम तिला स्वतःलाच नीट समजलं होतं. मला फक्त लिहावं लागलं. पुष्कळ बायका असंच करतात. बसायला आत सावली जास्त आहे म्हणून असेल.

४ एप्रिल, बुधवार

गुढीपाडवा. गुढी उभी करत होतो तेवढ्यात एक माणूस सायकलवरून उतरून विचारू लागला, "आज सुट्टी हाय का चालू हाय?" मी उत्तर द्यायच्या आत राहीबाई म्हणाली, "सायबाला सुट्टी हाय. मला न्हाई." माणूस तिला नमस्कार करून गेला.

७ एप्रिल, शनिवार

सतरा. अर्जाचा एक कोरा नमुना मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला, म्हणजे लोकांना मजकुराचा अंदाज येतो. सतराही जणांना पाणी मिळालं, काहींना दोनदा. आपल्या गल्लीतली विहीर माघातच आटली, तरी आमच्याकडे माठ कायम भरलेला. एवढ्या दुष्काळात अशी व्यवस्था तालुक्यात दुसऱ्या कुठल्या कचेरीत असेल असं वाटत नाही.

राहीबाई हल्ली लवकर झोपते. मानेला शेक घेते. रंगाचा वास अजून तिला बाधत असावा.

११ एप्रिल, बुधवार

आजचं लिहू की नको असं झालं आहे. लिहितो.

दुपारी जीप थांबली. दुष्काळी कामं बघत फिरणारे नगरचे कोणी मोठे साहेब होते. भिंत बघून ड्रायव्हरने गाडी थेट ओट्याला लावली. साहेब बुटांसकट आत आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हजेरीपट दाखवा."

मी उभा. हात सरळ, मान खाली. माझ्याच घरात. हे घर आहे म्हणायला तोंड उघडेना. हातात वही होती ती सवयीने पुढे केली. ती ही डायरी होती.

साहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "पहिला गुळासारखा आला, दुसरा मिसरीसारखा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कोणत्या कामाचं आहे?"

तेवढ्यात राहीबाई डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घेऊन रस्त्याने आली. घागरी न उतरवताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, ही कचेरी न्हाई. माझं घर हाय. पायतान भायेर काढा."

साहेब उठले. खरंच बाहेर गेले, बूट काढले, मोज्यांनी परत आत आले. तिची एक घागर स्वतःच्या हाताने उतरवली. घागर त्यांनी याआधी कधी उतरवली नसावी, कारण निम्मं पाणी पॅन्टवर सांडलं. मग विचारलं, "लांबून आणता?"

"अर्धा कोस."

"खेपा किती होतात?"

"रोजच्या बारा. शनवारी मोजत न्हाई."

साहेबांनी पाणी घेतलं, तिला नमस्कार केला आणि जाताना माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना रंग आवडला नसावा.

१३ एप्रिल, शुक्रवार

मी मनातून ओशाळलो आहे. साहेबांपुढे चूक झाली, घराची शोभा झाली. विचार करून राहीबाईला एक गोष्ट सुचवली, म्हणजे तिचा राग जाईल. चुलीपाशीही तोच रंग करून घेऊ, म्हणजे सगळं घर एकसारखं होईल आणि तिला वेगळं पडल्यासारखं वाटणार नाही.

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की तव्यावरची भाकरी जळली. पस्तीस वर्षांत तिची भाकरी जळलेली मी पहिल्यांदा बघितली.

१४ एप्रिल, शनिवार

नऊ जण. जीपची बातमी लागली असणार. बायका मात्र सगळ्या आल्या आणि आतच बसल्या. दुपारी कमरुद्दीनही आला, माझ्याकडे न बघता आत गेला. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी जाईपर्यंत बंद झाले.

२१ एप्रिल, शनिवार

बारा जण ओळीत होते. मी दारात उभा राहून एकेक कागद घेत होतो. अर्ज घ्यायचा, नाव वाचायचं, पुकारा करायचा. सातवा कागद हातात आला. नाव वाचलं आणि ओळीकडे बघितलं.

ओळीत सातव्या जागी, गोजरबाईच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन आमची राहीबाई उभी होती. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात सगळ्यांनी अडवलं तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही पुटपुटत. आणि आता बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पुकाऱ्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, हा माझाच नियम.

मी म्हणालो, "राहीबाई भ्रतार रंगनाथ."

"हजर," ती म्हणाली.

गोजरबाई ओरडली, "कुनाचं नाव घेतलं? मोट्यानं घ्या की!" तिला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे हसले. पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला सोपं गेलं. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदाही घ्यावंसं वाटत होतं.

अर्ज कमरुद्दीनच्या हातचा. दुकानाच्या पाटीसारखी जाड अक्षरं, प्रत्येकाला खालून सावली, आणि कोपऱ्यात सवयीने "पेंटर कमरुद्दीन, काष्टी". खाली राहीबाईचा अंगठा. शाई नव्हती म्हणून अंगठा चॉकलेटी ऑइलपेंटमध्ये उठवलेला. मजकूर भिंतीवरच्या माझ्याच नमुन्याबरहुकूम. इथे उतरवून ठेवतो.

"मेहेरबान साहेब, घर कचेरी, मुक्काम काष्टी, यांचे सेवेशी. अर्जदार राहीबाई भ्रतार रंगनाथ, धंदा घरकाम, राहणार सदर कचेरीतच. विनंती अर्ज ऐसाजे, अर्जदार लग्न झाल्यापासून सदर जागी कामावर असून आजवर एकही रजा घेतलेली नाही. साहेब जामखेडला सहा वर्षं होते. तिथं अर्जदाराची सख्खी बहीण कडूबाई नांदते, पण अर्जदारास कधी नेलं नाही. साहेब निवृत्त झाले की दोघांनी मिळून बहिणीकडं जायचं असं अर्जदाराच्या मनात होतं. हे सांगायला अर्जदार तीनदा आली. तिन्ही वेळा साहेब भिंतीकडं बघत होते. तरी अर्जदारास एक महिना रजा मिळावी. बदली इसम म्हणून साहेबांनी स्वतः काम बघावं. पाणी रोज बारा खेपा. कळावे."

मी वाचला. पुन्हा वाचला. सगळे थांबले होते. आणि मी काय म्हणालो? लिहायला हात धजत नाही. मी म्हणालो, "ठेवून घेतला आहे. आठ दिवसांनी चौकशी करा."

राहीबाई "बरं" म्हणाली आणि माठाकडे गेली. बाकीचे अर्ज न देता लोक एकेक करून उठले. गोजरबाई शेवटी उठली आणि जाताना माझ्या बाकड्याला लाथ मारून गेली.

२२ एप्रिल, रविवार

सकाळी राहीबाई उठायच्या आत घागर उचलली आणि अर्ध्या कोसावरच्या विहिरीवर गेलो. वाटेत तीन ठिकाणी टेकलो. टेकायला भिंत नव्हती, बाभळीला टेकलो. विहिरीवर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. येताना निम्मं पाणी सदऱ्यावर आलं. एका खेपेला मान आखडली. अशा बारा. आणि मी वहीत लिहीत होतो की व्यवस्था चांगली आहे! मला माझा इतका राग आला की घागर ठेवून ओट्यावर बसलो तरी भिंतीला टेकलो नाही.

अर्ज समोर घेतला. पस्तीस वर्षांत हजारो अर्ज आत नेले आणि बाहेर आणले. कशावर काय लिहिलं गेलं ते वाचलं, पण स्वतः काही लिहायची माझी पायरी नव्हती. लाल शाई साहेबांची. मी कमरुद्दीनकडे जाऊन लाल रंग आणि बारीक ब्रश मागून आणला. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही, उलट ब्रश धुऊन दिला.

अर्जाच्या डोक्यावर लिहिलं, "मंजूर." मग वाटलं एवढं पुरत नाही, म्हणून खाली लिहिलं, "यापूर्वीच द्यावयास हवी होती." सही केली, रंगनाथ भिकाजी. हुद्दा लिहायची जागा कोरी सोडली.

राहीबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, बोटाला रंग लागला. म्हणाली, "ह्ये मंजूर व्हय?" मी हो म्हणालो. मग ती रडली. मीही रडलो, पण आधी दार लावून घेतलं, न जाणो कोणी अर्ज घेऊन यायचं.

२४ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या गाडीला तिला बसवून आलो. पेटी, कडूबाईसाठी लाडू आणि रुमालात बांधलेला तो मंजूर अर्ज. रजा मंजूर असल्याचा पुरावा जवळ असावा म्हणे. मीही येतो असं मी म्हणणार होतो, पण बदली इसमाला जागा सोडता येत नाही. ते तिला कळलं असावं. खिडकीतून म्हणाली, "पंधरा दिसांनी या. आक्का तुमाला वळखत सुदिक न्हाई. आन् येताना कोट नगं." गाडी सुटली. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभा होतो. मला तिची आत्ताच आठवण येत होती, हे लिहायला लाज नाही.

घरी आलो तर ओट्यावर आढळगावचा एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला.

"सायेब हायत का?"

"रजेवर गेल्यात," मी म्हणालो. "महिन्याने येतील."

तो गोंधळला. माझा सदरा बघितला, डोक्यावरचा चुंबळीचा फडका बघितला. "मग तुमी कोन?"

"मी त्यांचा शिपाई," मी म्हणालो. माठात पाणी नव्हतं. त्याला बसायला सांगितलं आणि घागर घेऊन निघालो.